आईनं लावलेली प्रॉक्सी

पत्राचा सारांश : हे कुटुंब सहा वर्षांपूर्वी चिंचवडहून इंग्लंडला गेलं. लंडनपासून तासाभराच्या अंतरावर राहतं. मुलगी सोळा वर्षांची. जीसीएसईला, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला, छान ग्रेड मिळाल्या आणि सप्टेंबरपासून ती त्याच शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांतल्या पहिल्या वर्षाला, इयर ट्वेल्व्हला आहे. विषय बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि मॅथ्स. पुढे मेडिसिन, असं घरात ठरलेलं. शनिवारी ती एका बेकरीत आठ तास काम करते. नोव्हेंबरात शाळेची ईमेल आली : हजेरी ८७ टक्क्यांवर घसरली आहे, चार दुपारी ती बाहेर जाण्याच्या वहीत सही न करता गेली आणि परतली नाही, पालकांनी मुलीला घेऊन भेटायला यावं आणि एका करारावर सही करावी. मुलगी म्हणते, "फ्री पिरियड होते. गावातल्या लायब्ररीत बसले होते. कुणाचं काय बिघडलं?" वडील म्हणतात, बेकरी बंद, फोन जप्त, आणि रोज शाळा सुटेपर्यंत तिला शिक्षकांच्या नजरेखाली बसवा असं शाळेलाच सांगू. काउन्सिल (म्हणजे स्थानिक प्रशासन) दंड करील, शाळा काढून टाकील, अशी धास्तीही त्यांना आहे. आईची अडचण निराळी. या चार दुपारींखेरीज एक पाचवी दुपार होती. ती शाळेच्या हिशेबात नाही, कारण लेकीच्या आग्रहावरून आईनंच शाळेच्या फोनवर "डेंटिस्टकडे नेलंय" असा निरोप ठेवला होता. नवऱ्याला हे माहीत नाही. ती विचारते, "शाळा एकीकडे म्हणते ही मुलं आता मोठी झाली, दुसरीकडे सही केली नाही म्हणून आम्हाला बोलावते. नक्की काय समजायचं? आणि मी काय करू?"

पाचव्या दुपारपासूनच सुरुवात करू या.

मी इंग्लंडमधल्या एका शाळेच्या सिक्स्थ फॉर्म ऑफिसात बरीच वर्षं काम केलं. सकाळी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे गैरहजेरीच्या फोनवरचे निरोप ऐकणं. ज्या घरात खरंच ताप असतो तिथली आई घाईत असते, नाव सांगून फोन ठेवते. डेंटिस्टवाली आई मात्र सगळं साग्रसंगीत सांगते : दात कुठला, दुखणं कधीपासून, काल रात्री झोप कशी लागली नाही. आम्ही ऐकायचो, एकमेकींकडे बघायचो आणि नोंद करायचो. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही. आपल्याकडे कॉलेजात मित्र 'येस सर' म्हणायचा, तुम्ही लेकीची प्रॉक्सी लावलीत. पण मित्रानं लावलेली प्रॉक्सी तास संपला की विरून जायची. तुमच्या प्रॉक्सीमुळे लेकीला दोन गोष्टी कळल्या. आई पटकन विरघळते, ही पहिली. ती काय, सगळ्याच मुलांना कधीतरी कळते. बाबांपासून लपवायचं असेल तर आई आपल्या बाजूनं उभी राहते, ही दुसरी. ती महाग पडेल. उद्या तिला खरंच काही सांगायचं असेल, अभ्यास झेपत नाही, विषय चुकला, डॉक्टर व्हायचंच नाही, तर तेही ती तुमच्याजवळ गुपित म्हणून ठेवील आणि घरातला निरोप्या तुम्ही व्हाल.

म्हणून शाळेत जाण्याआधी घरात हे सांगून टाका. नवऱ्याला सांगा, लेकीसमोर सांगा, लांबण न लावता. ते चिडतील. चिडू द्या. आणि चिडून झालं की त्यांना त्यांच्या स्वतःच्या अकरावीतल्या हजेरीबद्दल विचारा. पुण्या-पिंपरीकडच्या कॉलेजात शिकलेला आणि एकदाही लेक्चर बंक न केलेला माणूस मला अजून भेटायचाय. डिफॉल्टरच्या यादीत नाव लागलं की पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब बोटांवर करणारी आपली पिढी. हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका. लेकीला ते माहीत असलेलं बरं, एवढ्यासाठी सांगते.

आता तुमचा प्रश्न. मुलं मोठी की लहान? सिक्स्थ फॉर्म हे नावच आपल्याला फसवतं. (माझ्या सासूबाई फोनवर नातवाची चौकशी करताना काळजीनं विचारायच्या, "अजून सहावीतच?") जुन्या इंग्लिश शाळांत अकराव्या वर्षी पहिला फॉर्म, म्हणजे पहिली इयत्ता, सुरू व्हायचा, सोळाव्या वर्षापर्यंत पाच व्हायचे, आणि त्यापुढे जे थोडे थांबायचे त्यांचा सहावा. थांबणं ऐच्छिक होतं. शाळेला अशी मुलं पाहुण्यासारखी वाटायची, त्यांना बसायला वेगळी खोली आणि थोडी सूट मिळायची. नाव आणि ती सूट राहिली, पण खालचा कायदा बदलला. इंग्लंडमध्ये २०१५ पासून अठराव्या वाढदिवसापर्यंत प्रत्येक मुलाला कुठल्या ना कुठल्या शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहावंच लागतं. म्हणजे तुमची मुलगी राहायला बांधलेली, पण वागणूक राहणं निवडल्यासारखी. तुम्हाला जो विरोधाभास दिसतो तो तुमच्या समजुतीचा दोष नाही, तो व्यवस्थेतच आहे.

दंडाचं सांगते, म्हणजे ती एक भीती तरी जाईल. काउन्सिलचा ८० पौंडांचा गैरहजेरीचा दंड सक्तीच्या शालेय वयापुरता असतो, आणि ते वय ज्या शालेय वर्षात मूल सोळा पूर्ण करतं त्या वर्षाच्या जूनमधल्या शेवटच्या शुक्रवारी संपतं. तुमची मुलगी त्यापुढे गेली आहे. काढून टाकण्याबद्दल : एकदा सिक्स्थ फॉर्ममध्ये घेतल्यावर केवळ मार्क कमी पडले म्हणून मुलाला काढता येत नाही. २०१७ मध्ये लंडनच्या कडेला असलेल्या एका नामांकित ग्रामर शाळेनं (प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) वर्षाअखेर कमी ग्रेड मिळालेल्या मुलांना इयर थर्टीनला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या दुसऱ्या वर्षाला, बसू द्यायचं नाकारलं होतं. पालक कोर्टाच्या दारात गेले आणि शाळेनं माघार घेतली. हजेरी आणि शिस्त मात्र निराळा प्रश्न. तिथे शाळेला पायरीपायरीनं पुढे जाता येतं, आणि त्या पायऱ्या शाळेच्या लेखी धोरणात असतात. ते धोरण शाळेच्या वेबसाइटवर मिळेल. भेटीआधी वाचा. करार म्हणजे बहुधा त्यातली पहिली किंवा दुसरी पायरी.

सहीच्या वहीचा राग मला समजतो. पण तिथे मी शाळेच्या बाजूची आहे. सतरा वर्षांचं मूल कायद्यानं मूलच. आगीची घंटा वाजली की रिसेप्शनवरची बाई ती यादी घेऊन मैदानात उभी राहते, आणि यादीत आत असलेली मुलगी मैदानात नसली तर कुणीतरी तिला शोधायला इमारतीत जातं. लेक लायब्ररीत सुखरूप होती हे तिला माहीत होतं, त्या बाईला नव्हतं. हे लेकीला असंच सांगा. 'नियम म्हणजे नियम' या वाक्यानं सोळा वर्षांचं कुणी आजवर पटवून घेतलेलं नाही. ऑफिसातल्यासारखे कपडे, गळ्यात ओळखपत्राची दोरी, हे बाकीचे नियम जाऊ द्या. त्यांच्यावर भांडण घालवू नका. शाळेऐवजी वेगळ्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात गेली असती तर जीन्समध्ये गेली असती, एवढाच त्याचा अर्थ.

खरी गोष्ट फ्री पिरियडची आहे.

साधा हिशेब करू. तीन ए-लेव्हल, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या अखेरच्या परीक्षेचे तीन विषय, दर विषयाला आठवड्याला शिकवण्याचे चार ते पाच तास. झाले बारा ते पंधरा. शाळेचा आठवडा पंचवीस तासांचा धरला तर निदान दहा तास उरतात. ते दहा तास 'फ्री' नाहीत, त्यात अभ्यास अपेक्षित आहे. बहुतेक शाळा जितके तास वर्गात तितकेच वर्गाबाहेर, असं धरून चालतात. इयर इलेव्हनपर्यंतच्या इंग्लिश शाळेत मुलीला असा एकही मोकळा तास मिळालेला नव्हता. घंटा, वर्ग, घंटा, वर्ग. ऑगस्टमध्ये निकाल लागला, सप्टेंबरात एकदम दहा तास हातात आले, आणि ते कसे वापरायचे हे कुणी शिकवलं नाही. तुमच्या यजमानांना जी अकरावी-बारावी आठवते त्यात हा प्रश्नच नव्हता. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री टेस्ट सिरीज. आताच्या महाराष्ट्रात तर पुष्कळ मुलं कॉलेजात फक्त नावापुरती असतात आणि दिवसभर क्लासमध्ये. मधे कुणाची नजर नाही असा तास सापडायचा नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी तो कट्ट्यावर घालवला. त्यामुळे मोकळा तास म्हणजे वाया गेलेला तास, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण यजमानांचा उपाय, म्हणजे तिला रोज नजरेखाली बसवा, काही आठवडे चालेलही. काही शाळा असं करतात, हजेरी घसरली की देखरेखीखालचा अभ्यासतास लावतात, आणि कदाचित त्या करारात तेच लिहिलेलं असेल. त्याला हरकत घेऊ नका. फक्त तो कधी संपेल ही तारीख मागा. कारण अजून दोन वर्षांनी ती विद्यापीठात असेल. तिथे लेक्चर आठवड्याला थोडीच, आणि गैरहजर राहिली तर विद्यापीठ तुम्हाला कळवणार नाही. तिच्या संमतीशिवाय तुमच्याशी बोलणारच नाही. आज शाळेकडून ईमेल येते आहे ही मला वाईट बातमी वाटत नाही. अशा ईमेली येण्याची ही शेवटची दोन वर्षं आहेत.

तिला विचारायचा प्रश्न 'का गेलीस' हा नाही, त्याचं उत्तर तिनं दिलंय. 'लायब्ररीत काय केलंस' हे विचारा, पोलिसी सुरात नको. आणि त्या चार दुपारी कोणत्या वारी होत्या ते टाइमटेबलशी ताडून पाहा. मी ऑफिसात हे शेकडो वेळा पाहिलं : पळणारं मूल शाळेतून पळत नाही, एखाद्या विशिष्ट तासापासून पळतं. हजेरी ८७ टक्के झाली म्हणजे नुसते मोकळे तास बुडालेले नाहीत, त्याला लागून एखादा वर्गही बुडाला असणार. मला पत्रातलं एक ओझरतं वाक्य खटकलं. तुम्ही लिहिता, "केमिस्ट्रीचं काही विचारलं की ती विषय बदलते." दुपारचा शेवटचा तास केमिस्ट्रीचा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

जीसीएसई आणि ए-लेव्हल यांच्यामधली उडी, त्यातही केमिस्ट्रीत, भल्याभल्यांना आपटवते. ज्या मुलीला आयुष्यात जीसीएसईच्या सर्वांत वरच्या ८ आणि ९ शिवाय ग्रेड माहीत नाही तिला ऑक्टोबरच्या चाचणीत ए-लेव्हलच्या अक्षरी ग्रेडमधला डी मिळाला की ती मदत मागत नाही. मदत मागायची सवयच नसते. हुशार मुलांची ही अडचण आपल्या घरांत विशेष असते, कारण हुशारी ही त्यांची घरातली ओळख असते, आणि फोनवर आजी-आजोबांना तीच सांगितलेली असते. अशा वेळी लायब्ररी हे फार सभ्य लपण्याचं ठिकाण आहे.

इथे तुमच्या घरातल्या आणखी एका समजुतीबद्दल. 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, बारावीला बघू' हे आपलं जुनं. आणि इयर ट्वेल्व्हच्या शेवटी सरकारी परीक्षा नसते, त्यामुळे ते इथेही खरं वाटतं. जुन्या ओळखीचे लोक सांगतात की आमच्या मुलाचे निम्मे मार्क पहिल्याच वर्षी पक्के झाले होते. तेव्हा तसं होतं. २०१५ पासून इंग्लंडमध्ये ए-लेव्हल टप्प्याटप्प्यानं बदलल्या, आता दोन वर्षांचं सगळं दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात. पण विद्यापीठाचा अर्ज त्याआधीच जातो. मेडिसिनचा तर इयर थर्टीनच्या १५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ते वर्ष सुरू होऊन सहा आठवडे होतात न होतात तोच. त्यात शिक्षक 'प्रेडिक्टेड ग्रेड', म्हणजे शेवटी मिळतील असा अंदाज असलेल्या ग्रेड, लिहितात, आणि त्या लिहिताना त्यांच्यासमोर मुख्यतः इयर ट्वेल्व्हच्या अखेरची परीक्षा असते. यूकॅट ही प्रवेशपरीक्षाही मधल्या उन्हाळ्यात. तेव्हा आत्ताचा डिसेंबर ते जून हा काळ वाटतो त्याहून जास्त मोलाचा आहे.

हे वाचून तुमचे यजमान लगेच म्हणतील, "बघ, म्हणूनच बेकरी बंद." थांबा. आठवड्याला आठ तास हे शाळा साधारण चालवून घेतात त्या मर्यादेत बसतं. एप्रिल २०२५ मध्ये सोळा-सतराच्या मुलांचं किमान वेतन ताशी ७.५५ पौंड झालं, म्हणजे त्या हिशेबानं शनिवारचे साठ पौंड. पण मुद्दा पैशाचा नाही. त्या बेकरीत ती वेळेवर जाते ना? सप्टेंबरपासून एकदा तरी चुकली? तुमच्या पत्रात तशी तक्रार नाही. म्हणजे जिथे तिला काम जमतं आणि कुणी तिला हुशार मुलगी म्हणून बघत नाही, तिथे ती नेमानं जाते. आठवड्यातला तो एकच दिवस असा असेल की ज्या दिवशी ती कुठेही कमी पडत नाही. तोच आपण काढून घ्यायचा? परीक्षेच्या आधीचे तीन-चार शनिवार सुट्टी माग, एवढं सांगा, आणि ते मालकाशी तिचं तिला बोलू दे. फोनबद्दलही तेच. जप्त केलेल्या फोनमुळे केमिस्ट्री समजल्याचं मी पाहिलेलं नाही. ती कुठे आहे हे दाखवणारं अॅप बसवायचा विचार मनात असेल तर निदान तिच्यापासून लपवून बसवू नका. घरात चोरून केलेल्या गोष्टी एवढ्यात पुरेशा झाल्या.

भेटीचं सांगते, कारण बरेच आपले पालक इथे अडखळतात. आपण एकतर हात जोडून माफी मागतो, 'सर, तुम्हीच काय ते करा' म्हणतो, किंवा वकिली करतो. दोन्हीत मुलगी भिंतीला टेकून बसते. सिक्स्थ फॉर्मच्या भेटीत प्रश्न मुलीला विचारले जातात. उत्तर तिलाच देऊ द्या, मधे शांतता पसरली तरी. यजमानांना यायला सांगा आणि पहिली दहा मिनिटं न बोलण्याचं वचन घ्या. अवघड आहे, पण तुम्ही लाच म्हणून शेजारच्या कॉफीचं आमिष दाखवा. डेंटिस्टचा खुलासा भेटीआधीच ट्यूटरला (म्हणजे शाळेतल्या तिच्या वर्गशिक्षकाला) दोन ओळींच्या ईमेलनं करून टाका : त्या तारखेचा माझा निरोप बरोबर नव्हता, नोंद दुरुस्त करावी. कारणमीमांसा नको. ट्यूटरला त्याचं अप्रूप वाटणार नाही, उलट पुढच्या तुमच्या निरोपावर तो विश्वास ठेवील.

करारावर सही करण्याआधी तो शांतपणे वाचा, घरी नेऊन वाचतो म्हटलंत तरी चालतं. तो कायद्याचा दस्तऐवज नाही, पण त्यात काय अपेक्षित आहे, किती आठवडे, आणि पाळला नाही तर पुढे काय, या तिन्ही गोष्टी स्पष्ट असल्या पाहिजेत. 'वर्तन सुधारावे' असं काही मोघम असेल तर आकडा मागा. आणि तुमच्या बाजूनं एक मागणी ठेवा : केमिस्ट्रीसाठी मदतीचा तास आहे का, कोणत्या वारी, कुणाकडे. बहुतेक शाळांत जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर तो असतो, आणि रिकामा असतो, कारण ज्यांना गरज आहे ती मुलं लायब्ररीत असतात. काही शाळा हजेरी सुधारल्यावर शेवटचा मोकळा तास घरी अभ्यासाला सोडतात. तसं आहे का, हे तिला स्वतःला विचारू द्या. तिला जे हवं होतं ते मागूनही मिळू शकतं, हे तिला तिथेच कळलेलं बरं.

केमिस्ट्री खरंच जमत नसेल तर? सुरुवातीच्या आठवड्यांत विषय बदलता येतो. नोव्हेंबरात ती खिडकी बहुतेक शाळांत बंद झालेली असते, तरी विचारायला हरकत नाही. नाहीच जमलं तर पुढच्या सप्टेंबरात वेगळ्या विषयांनी, वेगळ्या कॉलेजात पुन्हा इयर ट्वेल्व्ह करता येतं. सोळा ते एकोणीस या वयासाठी सरकारी शाळा-कॉलेजात त्याला फी पडत नाही. मला माहीत आहे, 'वर्ष गेलं' हे दोन शब्द आपल्या घरात कसे उच्चारले जातात. माझ्या स्वतःच्या मुलानं ते वर्ष घालवलं. मी सहा महिने नातेवाइकांना सांगितलं नाही. म्हणजे प्रॉक्सी मीही लावलीच. तो कुठल्या वर्षी किती वर्षांचा होता हे आज कुणी विचारत नाही. आणि मेडिसिन कुणी ठरवलं हेही एकदा घरात विचारून पाहा. 'घरात ठरलेलं' असं तुम्ही लिहिलंत. ठरवताना ती खोलीत होती ना?

ज्या इतर घरांत ही ईमेल अजून आलेली नाही, आणि मूल इयर ट्वेल्व्हला आहे, त्यांनी रविवारी संध्याकाळी मुलाकडून आठवड्याचं टाइमटेबल मागावं, मोकळे तास रंगवायला सांगावेत आणि कोणत्या तासाला काय, हे त्याचं त्याला लिहू द्यावं. आपण लिहायचं नाही. एक-दोन तास 'मित्रांबरोबर' असे लिहिले तर चालतील, तेही त्या वयाचं काम आहे.

भेट झाली की परतताना गाडीत कुणीच काही बोलू नका, तिला मागच्या सीटवर गाणी ऐकू द्या. घरी पोचल्यावर वरणभात लावा. जमलं तर मला पुन्हा लिहा. त्या चार दुपारी केमिस्ट्रीच होती का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.